टेक्स-मेक्स खिमा सँडविच: पाण्याचा हिशोब आणि आताचं प्रमाण

मागच्या नोंदीपासून कृतीत तीन बदल झाले आहेत. टोमॅटोच्या डब्यातला रस आता सरसकट कढईत जात नाही, गाळून बाजूला ठेवला जातो. मिश्रण दाट करायला कॉर्नस्टार्चच्या जागी मासा हरिना (टॉर्टियाचं मक्याचं पीठ) आलं आहे. आणि चीज खिम्यावर न घालता आधी खालच्या पावावर बसतं. तिन्ही बदलांमागचं कारण एकच: हे सँडविच मसाल्यामुळे क्वचित बिघडतं, पाण्यामुळे मात्र हमखास. खिमा भाजला न जाता शिजतो तो पाण्यामुळे, चव सपक होते ती पाण्यामुळे, आणि तिसऱ्या घासाला पावाचा तळ फाटतो तोही पाण्यामुळेच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत सुट्या खिम्याचं सँडविच मुळात मिडवेस्टचं, विशेषतः आयोवाचं. १९६९ मध्ये मॅनविच हा डबाबंद सॉस बाजारात आला आणि गोडसर टोमॅटो चवीचा ‘स्लॉपी जो’ घरोघरी पोचला. टेक्सासच्या वळणाच्या सँडविचमध्ये ती गोडी जवळजवळ काढून टाकायची आणि तिथे जिरं, सुकी मिरची, पोब्लानो (मोठी, कमी तिखट हिरवी मिरची) आणि मक्याची चव आणायची. हातात मोकळा पाऊण तास असला की पुरतो.

चार सँडविचचं आताचं प्रमाण असं. खिमा १ पौंड (४५० ग्रॅम), खाण्याचा सोडा पाव टीस्पून, तेल १ टेबलस्पून. मध्यम कांदा १ (१५० ग्रॅम), पोब्लानो १, हालापेनो १, लसूण ३ पाकळ्या. टोमॅटो पेस्ट २ टेबलस्पून, रो-टेलचा १० औंसांचा डबा १. टेक्सन चिली पावडर १ टेबलस्पून, ताजी जिरेपूड दीड टीस्पून, मेक्सिकन ओरेगानो अर्धा टीस्पून, स्मोक्ड पॅप्रिका अर्धा टीस्पून, बारीक मीठ पाऊण टीस्पून. वूस्टरशर सॉस १ टीस्पून, ब्राउन शुगर १ टीस्पून, मासा हरिना १ टेबलस्पून, अर्ध्या लिंबाचा रस. चार पाव, चार चीज स्लाइस, लोणी.

रो-टेल म्हणजे टोमॅटो आणि हिरव्या मिरच्यांचे तुकडे एकत्र असलेला डबा. १९४३ साली टेक्सासच्या दक्षिण टोकाला, एल्सा गावी तो सुरू झाला आणि आज टेक्सासमधल्या बहुतेक फडताळांत दिसतो. हा डबा गाळला की पाव ते अर्धा कप रस निघतो. तो फेकायचा नाही, पण लागेल तेवढाच वापरायचा.

मांसाबद्दल. बीफ खाणाऱ्यांसाठी ८५/१५ (८५ टक्के मांस, १५ टक्के चरबी) उत्तम, चरबी काढावी लागत नाही. ८०/२० घेतलं तर भाजल्यावर चमचाभर चरबी ठेवून बाकीची काढावी. बीफ न खाणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींसाठी टर्की सोयीची, पण पाकिटावर ९३/७ लिहिलेलीच घ्या आणि तेल दुप्पट करा. ९९ टक्के फॅट-फ्री म्हणजे नुसतं ब्रेस्ट. त्याचे कोरडे, रबरी कण होतात आणि सॉस कितीही चांगला असला तरी ते सुधारत नाहीत. हलाल दुकानातला बोकडाचा खिमा चवीला सर्वांत वरचढ, पण त्याला मऊ व्हायला जास्तीची पंधरा-वीस मिनिटं लागतात. तो शनिवारसाठी ठेवावा.

सोडा एक टेबलस्पून पाण्यात विरघळवून खिम्याला चोळायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. तोवर कांदा, पोब्लानो, हालापेनो चिरून होतात, म्हणजे वेळ फुकट जात नाही. सोड्याने मांसाचा पीएच चढतो. प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, त्यामुळे पाणी आत राहतं, शिवाय तांबूस रंगही लवकर येतो. पौंडाला पाव टीस्पून ही कमाल मर्यादा समजा. त्यापुढे साबणासारखी चव उतरते आणि ती लिंबानेही जात नाही.

पॅन १२ इंची हवा, बिडाचा किंवा स्टीलचा. नॉनस्टिकवर तळाला खरपूस थर धरत नाही, आणि अर्धी चव त्या थरात असते. पॅन मध्यम-मोठ्या आचेवर तापवा, तेल घाला आणि खिमा एकाच जाड थरात दाबून पसरा. मग चार-पाच मिनिटं हात लावू नका. इथे आवाज ऐकायचा. नुसती चुरचुर असेल तर भाजणं चालू आहे. आवाज खाली बसून बुडबुड्यांची खदखद सुरू झाली तर पाणी साचलं आहे. आच वाढवा आणि ते आटेपर्यंत ढवळू नका. दहा इंची पॅन असेल तर खिमा दोन वेळा करून भाजा, नाहीतर हे पाणी साचणारच.

खालची बाजू गडद तपकिरी झाली की मोठमोठ्या तुकड्यांत उलटा, दोन मिनिटं ठेवा, मग लाकडी उलथन्याने वाटाण्याएवढे कण होईपर्यंत मोडा आणि ताटलीत काढा. सगळा खिमा तपकिरी व्हायची वाट पाहू नका. एक बाजू नीट भाजली की पुरे, दुसरी सॉसमध्ये शिजते. सगळा भाजायला गेलं की कण वाळतात.

त्याच पॅनमध्ये कांदा, पोब्लानो, हालापेनो आणि निम्मं मीठ. चार मिनिटं परता. भाज्यांना सुटणाऱ्या पाण्यात तळाचा थर आपोआप सुटायला लागतो. लसूण अर्धा मिनिट. टोमॅटो पेस्ट घालून दोन मिनिटं, कच्चा लाल रंग जाऊन विटकरी येईपर्यंत. नंतर आच कमी करून कोरडे मसाले, फक्त तीस सेकंद. फोडणीची सवय असलेल्या हातांना हे सांगावं लागत नाही, पण एक फरक लक्षात ठेवा: इथे जिरं पूड स्वरूपात असतं आणि पॅन आधीच चांगला तापलेला, त्यामुळे करपायला फार वेळ लागत नाही. तळ कोरडा दिसला तर मसाल्यांआधी चमचाभर तेल घाला.

चिली पावडरबद्दल पुन्हा एकदा, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. टेक्सासची चिली पावडर म्हणजे नुसतं तिखट नाही, तयार मसाला आहे. सुकी मिरची (चांगल्या ब्रँडमध्ये मुख्यतः आंचो, म्हणजे सुकवलेला पोब्लानो), जिरं, ओरेगानो, लसूण असं त्यात असतं. जर्मनीहून आलेल्या विल्यम गेबहार्ट यांनी १८९० च्या दशकात न्यू ब्राउनफेल्समध्ये ती विकायला सुरुवात केली. तिच्या जागी टेबलस्पूनभर घरचं लाल तिखट घातलं तर सँडविच खाता येणार नाही. भारतातल्या वाचकांसाठी बदली: ब्याडगी मिरचीची पूड २ टीस्पून, जिरेपूड पाऊण टीस्पून, ओरेगानो अर्धा टीस्पून, लसूण पावडर पाव टीस्पून. हे वरच्या प्रमाणातल्या जिरं-ओरेगानोच्या वेगळं, जास्तीचं. आंचोची मनुक्यासारखी गोडसर छटा ब्याडगीत नसते. ब्राउन शुगर अर्धा टीस्पून वाढवली की ती उणीव बरीच भरून निघते.

धणेपूड, आलं, गरम मसाला यांतलं काहीही नको. हात तिकडे जातो, पण त्यातलं एक जरी पडलं तरी पदार्थ इराणी हॉटेलच्या खिमा-पावाकडे झुकतो. तोही सुंदरच, पण त्याची पद्धत वेगळी. ओरेगानोही शक्यतो मेक्सिकनच. ते वेगळ्याच कुळातलं झुडूप आहे, व्हर्बेनाच्या. त्याचा वास लिंबाकडे जातो. पिझ्झावरचं ओरेगानो पुदिन्याच्या कुळातलं, त्याने चव इटलीकडे सरकते.

आता गाळलेले रो-टेलचे तुकडे घाला आणि दोन-तीन टेबलस्पून रसाने तळ खरवडून घ्या. खिमा परत घाला, सोबत उरलेलं मीठ, साखर, वूस्टरशर. एक टेबलस्पून मासा हरिना तीन टेबलस्पून थंड रसात कालवून ओता. गरम पॅनमध्ये कोरडं पीठ शिंपडलं तर गोळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. टर्की असेल तर १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) गाठलं आहे का ते पाहा. बीफला १६० (७१) पुरतं.

मासा हरिना चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. टेक्सासच्या चिलीत (मांसाच्या मिरचीदार रश्श्यात) ते दाटपणासाठी बऱ्याचदा घालतात, आणि ताज्या टॉर्टियाचा (मक्याच्या पोळीचा) जो वास तो यातूनच येतो. कॉर्नस्टार्चने सॉस दाट होतो, पण चकाकतो आणि चवीत काही भर पडत नाही. आपलं साधं मक्याचं पीठ चालत नाही, कच्चट लागतं. त्यापेक्षा कॉर्न टॉर्टिया कोरडा भाजून मिक्सरमधून काढा. सहा इंची एक टॉर्टिया पुरतो.

झालं की नाही हे ओळखायचं असं: उलथनं पॅनच्या तळावरून सरळ ओढा. मागे पडलेली वाट दोन-तीन सेकंद उघडी राहिली तर आच बंद करा. लगेच रस भरून आला तर आणखी दोन मिनिटं. कडा खडखडीत दिसत असतील तर चमचाभर रस. तराजू असणाऱ्यांनी रिकामा पॅन आधी तोलून ठेवावा. शेवटी आतला ऐवज ६०० ते ६५० ग्रॅमच्या दरम्यान हवा, म्हणजे पावामागे दीडशे ग्रॅम. लिंबू आच बंद केल्यावरच पिळा.

पाव. ब्रिओश गोड आणि फार मऊ, या सँडविचला नको. पोटॅटो बन चालतो. सर्वांत छान बोलियो, वरून कुरकुरीत मेक्सिकन पाव. ह्यूस्टन, डॅलस, सॅन अँटोनियोत एचईबी सुपरमार्केटच्या बेकरीत रोजचा मिळतो. त्याचा आतला थोडा मऊ भाग काढून खळगा करा, खिमा जागेवर राहतो. मुंबई-गोव्यात असाल तर लादीपाव बाजूला ठेवा आणि कडक पाव किंवा उंडो घ्या. प्रत्येक अर्ध्याला एक टीस्पून लोणी लावून तव्यावर कापलेली बाजू तपकिरी होईपर्यंत दाबून भाजा. टोस्टरमध्ये पाव कोरडा होतो, पण लोण्याची ती चरबट पापडी येत नाही, आणि रस अडवते ती पापडीच.

भाजलेल्या खालच्या अर्ध्यावर लगेच चीज स्लाइस, त्यावर गरम खिमा. साधं अमेरिकन चीज इथे माँटेरी जॅकपेक्षा चांगलं काम करतं, कारण त्यातल्या इमल्सिफायर क्षारांमुळे ते वितळताना तेल सोडत नाही, सलग थर धरतं. जॅक आवडत असेल तर वरून, पण लादी आणून घरी किसा. किसलेल्या तयार पाकिटात कण चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं आणि ते नीट वितळत नाही. दुसरा चांगला बांध म्हणजे रिफ्राइड बीन्स (शिजवून, घोटून परतलेला राजम्यासारखा लगदा). सॅन अँटोनियोच्या बीनबर्गरमध्ये बीन्स आणि फ्रिटोज (मक्याचे कुरकुरीत चिप्स) दोन्ही असतात. तीच कल्पना उचलून खालच्या पावावर टेबलस्पूनभर बीन्सचा दाट थर द्या आणि वरून फ्रिटोज चुरडा. फ्रिटोज अगदी खाताना घालायचे. पाच मिनिटांत ते मऊ पडतात. लोणच्यातला हालापेनो पेपर टॉवेलवर टिपून घ्या. आइसबर्ग लेट्यूस ताटात बाजूला, आत नको.

खिमा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगला राहतो. दीडशे ग्रॅमच्या पिशव्या चपट्या करून गोठवा. गरम करताना पिशवीमागे एक टेबलस्पून पाणी पुरतं. मासा हरिनामुळे गार झाल्यावर मिश्रण घट्ट दिसतं, पण तापलं की सैल होतं, म्हणून सुरुवातीलाच जास्त पाणी ओतू नका.

सध्या सोया ग्रॅन्यूलवर काम चालू आहे. गरम पाण्यात भिजवून, मुठीत दोनदा घट्ट पिळून, तीन टेबलस्पून तेलात भाजले तर कण सुटे राहतात. सोड्याची गरज नाही. अडचण मिठाची आहे: ग्रॅन्यूल मीठ आत ओढतात आणि सॉस अळणी होतो. भिजवायच्या पाण्यातच अर्धा टीस्पून मीठ आणि टीस्पूनभर सोया सॉस घातल्यावर बराच फरक पडला आहे. मशरूम बारीक चिरून निम्मे-निम्मे घेतल्यास काय होतं ते पुढच्या नोंदीत, वजनांसह.