आकड्याच्या आधी

संध्याकाळच्या पाळीत लॅबच्या मशिनवर एका पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम ७.४ आलं. नॉर्मल ३.५ ते ५.० असतं. सातच्या वर गेलेलं पोटॅशियम हृदयाची लय कधीही बिघडवू शकतं, म्हणून असा आकडा आला की तो छापून ट्रेमध्ये टाकायचा नसतो, हातातलं काम सोडून वॉर्डला फोन करायचा असतो. मशिनवर माझ्या हाताखाली शिकलेली, नुकतीच कामावर लागलेली मुलगी होती. फोनकडे जाता जाता तिने रॅकमधून ट्यूब काढली, ॲप्रनच्या पांढऱ्या बाहीवर आडवी धरली आणि सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यासारख्या भागाचा, रंग पाहिला.

बाहीवर ट्यूब धरून बघायची ही सवय माझ्या सरांची. तिने सरांना कधी पाहिलेलंही नाही.

सीरम स्वच्छ पिवळं होतं. पोटॅशियमचा मोठा साठा पेशींच्या आत असतो. रक्त घेताना किंवा ट्यूब हलवताना तांबड्या पेशी फुटल्या की तो बाहेर येतो, आकडा खोटाच फुगतो आणि सीरम गुलाबी दिसतं. हल्लीची मशिन हा रंग स्वतः मोजतात. आमच्या मशिननेही सॅम्पल ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. बहुतेक जण इथेच थांबतात आणि रिपोर्ट सोडतात. हिने खालच्या ओळी वाचल्या. कॅल्शियम ४.९, जे साडेआठच्या वर हवं. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम अवघं १८, म्हणजे फारच कमी. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र व्यवस्थित, आणि सकाळच्याच रिपोर्टमध्ये पोटॅशियम ४.३.

वाढलेलं पोटॅशियम, घटलेलं कॅल्शियम आणि घटलेलं अल्कलाइन फॉस्फटेज, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की जाणकाराला जांभळ्या झाकणाची ट्यूब आठवते. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या, त्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तर रक्त गोठत नाही. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही तेच पळवतं. त्या ट्यूबमधलं थोडं रक्त सीरमसाठीच्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये गेलं, की पोटॅशियम वर जातं आणि बाकीचे दोन खाली येतात. सीरमचा रंग मात्र जराही बदलत नाही, त्यामुळे मशिनला पत्ता लागत नाही.

तिने फोन लावला. "डॉक्टर, पोटॅशियम ७.४ आलंय, पण कॅल्शियम ४.९ आहे आणि मला दोन्ही खरे वाटत नाहीत. ईसीजी काढून बघा, मी नवीन सॅम्पल घ्यायला वर येते." पलीकडून आवाज चढला, "तुम्हाला काय वाटतं ते नको, रिपोर्ट पाठवा." निवासी डॉक्टरांवर किती ताण असतो ते मी रोज बघते, तरी हे वाक्य मला मान्य नाही. लॅबमधल्या माणसाला काय वाटतं हे ज्या वॉर्डला नको असतं, तिथला पेशंट पूर्णपणे मशिनच्या हवाली असतो.

तिच्याबरोबर मीही वर गेले. पोटॅशियम खाली आणायला इन्सुलिन आणि ग्लुकोजची तयारी सुरू झाली होती. ज्याचं पोटॅशियम मुळात ठीक आहे त्याला इन्सुलिन दिलं तर साखर आणि पोटॅशियम दोन्ही खाली जातात, म्हणजे नसलेल्या आजाराच्या उपचाराने खरा धोका तयार होतो. पेशंट उशीला टेकून बायकोशी बोलत होता. कॅल्शियम खरोखर ४.९ असतं तर बहुधा त्याची बोटं आखडली असती. ईसीजीतही पोटॅशियम वाढल्यावर दिसतात तशा उंच, टोकदार टी लहरी नव्हत्या.

मग ती सिस्टरांकडे वळली आणि म्हणाली, "सिस्टर, मगाशी ट्यूब कशा भरल्या ते जरा दाखवता का?"

हे वाक्य सरांचं आहे, शब्द न् शब्द. "का केलंत?" असं ते कधी विचारत नसत, कारण त्यावर माणूस बचाव करतो. "दाखवता का?" म्हटलं की तो आठवायला लागतो. सिस्टरांनी लगेच सांगितलं, लाल ट्यूबला रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं. त्या पाळीत पूर्ण वॉर्डला त्या एकट्या होत्या. ट्यूब कोणत्या क्रमाने भरायच्या (आधी निळी, मग लाल, नंतर जांभळी, शेवटी करडी) याचा तक्ता भिंतीवर होता. पण एकीतलं दुसरीत ओतू नये, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे स्लाइड दाखवून हजेरीपटावर सही घेणं. दुसऱ्या हातातून नवीन सॅम्पल घेतलं. पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.०. इन्सुलिनची सिरिंज वापरली गेली नाही.

सरांकडे मी आले तेव्हा मला या कामात राहायचंच नव्हतं. दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून हा कोर्स धरला होता आणि सुटायची वाट बघत होते. सरांनी मला एक वही दिली. सॅम्पल मशिनमध्ये घालायच्या आधी फॉर्म वाचायचा, वय, वॉर्ड, तक्रार बघायची, सीरम बाहीवर धरून बघायचं आणि काय आकडे येतील ते लिहायचं. मशिनने सांगितल्यावर शेजारी खरा आकडा लिहायचा. अंदाज चुकला तर ते रागवत नसत. फक्त त्याखाली कारण लिहायला लावत, आणि "माहीत नाही" हे कारण चालत नसे. मला वाटायचं, मशिन असताना हा खटाटोप कशाला?

मग एका रात्री पोटॅशियम ७.९ आलं. बाकीचे म्हणाले, सॅम्पल खराब असेल, परत लावा. सरांनी माझी वही मागितली. पेशंटचं डायलिसिस चुकलेलं होतं आणि मी आधीच लिहून ठेवलं होतं, "पोटॅशियम बरंच वाढलेलं असणार." त्यांनी ट्यूब बघितली, क्रिएटिनिन बघितलं आणि फोन माझ्यासमोर सरकवला. "अंदाज तुझा आहे, फोन तू कर." माझा आवाज कापत होता. पण त्या पेशंटला वेळेवर उपचार मिळाले, आणि हे काम सोडायचा विचार माझ्या डोक्यात परत आला नाही. संशय घेणं सोपं असतं. आलेला आकडा खरा आहे हेही ओळखता यावं लागतं, आणि ते मला त्या वहीने शिकवलं.

मी तिलाही तशीच वही दिली होती, पण ती कुणाची पद्धत आहे हे सांगायचं राहूनच गेलं होतं. परत खाली आल्यावर तिने विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "ताई, सर आज वर आले असते तर पेशंटशीही बोलले असते. माझं ते राहिलं." खरं होतं. सर जाताना पेशंटला "पुन्हा सुई का टोचली" ते समजावून सांगत, त्याशिवाय निघत नसत. मी तिला हे कधी सांगितलेलं नाही. माझ्या वागण्यातून तिच्यापर्यंत किती पोचलं आणि किती माझ्यापाशीच अडकलं, हेच आता डोक्यातून जात नाही.

पुढच्या तुकडीतल्या मुलांना तिने शिकवावं असं मी सुचवलं आहे. वही तपासायला तिला रोज तासभर मशिनपासून मोकळं ठेवा, असा अर्ज दिला. कामाचा भार पाहता शक्य नाही, असं उत्तर आलं. त्या ७.४ चा आणि ४.२ चा, दोन्ही रिपोर्ट जोडून मी तो पुन्हा दिला आहे.