तीन सॅडल आणि एक स्क्रू

पिशवीतून एकेक करत तिने तीन सॅडल, म्हणजे सायकलच्या सीट, माझ्या टेबलावर मांडल्या. चौथी सायकलवर होती. "यातली एकही मला बसत नाही," ती म्हणाली. "माझ्यातच काही दोष आहे का, तेवढं सांगा."

सायकल फिटिंग, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगमापाला सायकल जुळवून देण्याचं काम, करताना हा प्रश्न मी पुरुषाच्या तोंडून अजून ऐकलेला नाही. त्यांच्या लेखी बिघाड कायम सायकलीतच असतो.

सायकल चांगली होती. कार्बनची फ्रेम, डिस्क ब्रेक, आठ महिन्यांची. नवऱ्याने हौसेने घेऊन दिलेली. तोही बरोबर आला होता आणि सुरुवातीला सगळं तोच सांगत होता. हिची उंची १६८ सेंटिमीटर, तक्त्यात फ्रेमची ५२ आणि ५४ दोन्ही मापं चालत होती, ५४ लगेच मिळत होती, म्हणून ती घेतली. यात त्याचं काय चुकलं? निम्म्या सायकली अशाच घेतल्या जातात. पण दुखतंय तिला, म्हणून मी त्याला खुर्ची दाखवली आणि तिच्याकडे वळले.

तासाभरात बसायची जागा दुखायला लागते, उजवीकडे तर कातडी सोलवटते. दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मान आखडते. "आणि उतार आला की पोटात गोळा येतो," हे तिने हळू आवाजात सांगितलं.

ऐकता ऐकताच मी मनात निदान करून टाकलं होतं. बाईचे पाय लांब, धड आखूड, त्यामुळे हँडल लांब पडतंय. हे काम शिकले तेव्हापासून डोक्यात बसलेलं सूत्र. त्यालाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली खास बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. त्यांच्या लहान फ्रेमना पुढचं चाक मागच्यापेक्षा छोटं असे, म्हणजे वरची नळी आखूड ठेवता येई आणि वळताना पाऊल चाकाला लागत नसे. लहान चणीच्या बायकांचा त्याआधी असा विचार फारसा झाला नव्हता. पण एका चांगल्या कल्पनेचं पुढे सरसकट सूत्र झालं, आणि सूत्र हाताशी असलं की टेप काढायचा कंटाळा येतो.

टेप काढला तर हिचा पाय आतल्या बाजूने, जांघेपासून जमिनीपर्यंत, ७५ सेंटिमीटर. उंचीच्या मानाने आखूड! धड लांब. हात आखूड. खांदे ३७ सेंटिमीटर आणि हँडलबार ४२. माझं निदान अर्धं तिथेच गळालं. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली तर वरच्या नळीपासून अंतर जवळजवळ नव्हतंच.

ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येईल अशा स्टँडवर, सायकल लावली, तिला चालवायला सांगितलं आणि मागे जाऊन उभी राहिले. बाकी सगळं बाजूने दिसतं, कंबर मात्र मागूनच बघावी लागते. पेडल खाली गेलं की तिची कंबर त्या बाजूला कलत होती, उजवीकडे जास्त. पाय खालपर्यंत पुरत नव्हता, म्हणून दर फेरीला ती सॅडलवरून घसरून तो पुरवत होती. पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणलं की सॅडलच्या उंचीचा ढोबळ अंदाज मिळतो, क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या, आसापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत. हिचा येत होता ६६ च्या आसपास. सायकलवर होती साडेअडुसष्ट.

मग गुंता आपोआप उलगडत गेला. सॅडल उंच, म्हणून घासणं. घासतंय म्हणून तिने सॅडलचं नाक खाली झुकवलं. नाक झुकलं म्हणून ती पुढे घसरायला लागली, आणि ते घसरणं अडवायला सगळा भार तळहातांवर. करंगळीची नस तळव्याच्या कडेने जाते. तिथे दाब पडला की नेमकी तीच दोन बोटं बधिर होतात. दुखणं बोटात, कारण सीटपोस्टच्या, म्हणजे सॅडलखालच्या दांडीच्या, क्लॅम्पमध्ये.

सॅडल दोन टप्प्यांत खाली घेतली, नाक सपाट केलं. कंबर स्थिरावली.

आता त्या तीन सॅडल. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा स्टुलावर ठेवून मी तिला त्यावर बसवलं, थोडं पुढे वाकायला सांगितलं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे. बसायच्या हाडांचे. मध्यापासून मध्यापर्यंत १३ सेंटिमीटर. त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवले की सॅडलची रुंदी, म्हणजे १५ ते साडेपंधरा. सायकलवरची आणि पिशवीतल्या दोन गुबगुबीत जेलच्या होत्या. त्या दुकानात अंगठ्याने दाबून बघायला छान वाटतात. तासाभराने हाडं आत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. तिसरी साधी, कडक, मध्ये खाच असलेली. उलटी करून मागे छापलेलं माप वाचलं. १५५ मिलिमीटर.

"ही तर मी पहिलीच घेतली होती," ती म्हणाली. "चार दिवसांत काढून टाकली."

चढवली तीच. नवरा खुर्चीतून उठून बघायला आला.

हँडलबार ३८ चा घातला, स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, १०० मिलिमीटरचा काढून ८० चा. क्रँक १७२.५ मिलिमीटरचे आहेत, १६५ केले तर गुडघा वर येताना पोटाला एवढा भिडणार नाही. ते पुढच्या खेपेला. फ्रेम मोठी आहे हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. स्टेम आणखी आखूड करून ती लहान होत नाही, उलट हँडल चंचल होतं. ही वापरा, पुढची घेताना ५२ की ५४ विचारू नका, स्टॅक आणि रीच, म्हणजे क्रँकच्या आसापासून फ्रेमचं पुढचं टोक किती उंच आणि किती पुढे, ते विचारा. एका कंपनीची ५२ दुसरीच्या ५४ एवढी असू शकते.

राहिला उतार. "ब्रेक धरून दाखवा," म्हटलं. ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, हात नेले तर बोटांची टोकंच जेमतेम लीव्हरला लागत होती. खाली नीट धरताच येत नव्हता, म्हणून उतारावरही ती वरूनच, हूडवरून, म्हणजे लीव्हरच्या रबरी मुठीवरून, दोन बोटांनी दाबत यायची. कुणालाही भीतीच वाटेल.

हूडचं रबर मागे सरकवलं, तिथल्या स्क्रूत बारीक ॲलन की घालून फिरवली, लीव्हर हँडलकडे आत घेतला. मग दुसरा. दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने पुन्हा ड्रॉप्सवर हात ठेवले, बोटं लीव्हरभोवती पूर्ण वळली. दाबला, सोडला, परत दाबला.

"हा स्क्रू पहिल्यापासून होता?"

"होता."

ती नवऱ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती माझ्याकडेच बघत राहिली. बरोबरच होतं. सायकल आमच्या दुकानातली नव्हती, पण आमच्या दुकानातून तरी मी कधी हा स्क्रू फिरवून सायकल दिली होती?

ती गेल्यावर ॲलन की खिशात टाकून बाहेर मांडलेल्या सायकलींकडे गेले. लहान मापाच्या सात होत्या. सहांचे लीव्हर होते तसेच, पार बाहेर.