आमचा पाम थंडीतून निघाला
आज बऱ्याच दिवसांनी छान ऊन पडलं म्हणून सकाळीच पामवरचं गोणपाट सोडलं. न्यू जर्सीत पाम म्हटलं की लोक थांबून विचारतात, पण हा विंडमिल पाम आहे, मूळचा चीनचा, खोडावर काथ्यासारखं तपकिरी आवरण असतं आणि मोठं झाड उणे १२ डिग्रीपर्यंत तग धरतं. आमचा अजून कमरेएवढाच, म्हणून जपावं लागतं.

नोव्हेंबरमध्ये मुळाशी वाळक्या पानांचा जाड थर घातला, पानं वर घेऊन सुतळीनं सैल बांधली, भोवती ख्रिसमसच्या जुन्या बल्बांची माळ गुंडाळली (एलईडी नाही हं, ते फारसे गरमच होत नाहीत) आणि वरून गोणपाट. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं नाही, आत ओल धरते आणि शेंडा कुजतो. आपल्या माडासारखाच याला कोंब एकच, तो गेला की झाड गेलं.

त्यामुळे आज खरंच छातीत धडधडत होतं. मधलं न उघडलेलं पान हळूच ओढून पाहिलं, कुजलं असेल तर सरळ हातात येतं. नाही आलं! घट्ट आहे, आणि बुडाशी हिरवंगार!! बाहेरच्या चार पानांची टोकं करपलीत, पण ती कापणार नाही, जेवढा हिरवा भाग उरलाय तेवढा झाडाला अन्न देतोच.

लगेच आईला रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावून दाखवला, म्हणाली मुळाशी पाणी साचू देऊ नको रे. गोणपाट घडी करून गॅरेजच्या दारापाशीच ठेवलंय, एप्रिलपर्यंत एखादी रात्र गारठली तर परत घालायला.