चकाचक टँक

काकांचे डोळे लालबुंद झाले होते, म्हणून मी आधी त्यांनाच बसवलं. साप नंतर बघितला. ऐन मे महिन्यातली दुपार, पारा ४५ला टेकलेला. अशा वेळी नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात सहसा कोणी फिरकत नाही. काका खोकत होते. त्यांचा मुलगा ऑटोतून तीन फुटी काचेचा टँक उतरवत होता, आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीत बॉल पायथनचं पिल्लू.

बॉल पायथन आफ्रिकेतला, बिनविषारी. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. मुलानं ती केली होती, न मागता कागद दाखवला. असे पालक विरळाच! टँक मात्र सेकंडहँड, कोणाकडून तरी ऑनलाइन घेतलेला. "साप सोडायच्या आधी एकदा बघून द्या," एवढंच काम.

"पण काका, डोळ्यांना काय झालं?"

"काही नाही जी मॅडम. काचेवर पांढरे डाग होते, निघूनच नाही राहिले. मंग संडासचं ॲसिड मारलं, अन् वरून ब्लीच टाकलं. असा भपकारा आला, बाप्पा!"

सापाची लघवी बरीचशी घट्ट, खडूसारखी पडते. ते डाग म्हणजे तेच युरेट. कोमट पाण्यात भिजवून ठेवलं की नुसत्या घासणीनं निघतात. ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. अंगणात केलं म्हणून निभावलं. दार लावून बाथरूममध्ये केलं असतं तर दोघं माझ्याकडे नाही, मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत असते. मी काकांना बेसिनपाशी नेऊन पंधरा मिनिटं डोळ्यांवर पाणी सोडायला लावलं आणि खोकला वाढला तर थेट छातीच्या डॉक्टरकडे जायला बजावलं.

मग टँक. वरवर बघाल तर खरंच चकाचक. टॉर्च आडवा धरून कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर मारला, तेव्हा फटीत तपकिरी रेघ दिसली. स्काल्पेलच्या पात्यानं खरवडली तर वाळलेली विष्ठा निघाली, सोबत कातीचा एक पापुद्रा. ब्लीच अशा घाणीवरच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी साबणानं घासायचं, धुवायचं, आणि मगच औषध. ब्लीच म्हणजे हायपोक्लोराईट; ते पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध, नऊ भाग पाणी. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. मग वास पूर्ण जाईपर्यंत पाणी. आपल्याकडे घरोघरी असलेलं फिनाईल मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आसपासही नको, त्यांना ते विषारी असतं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की पाटीच लावावी म्हणते.

साल्मोनेला, इतर बॅक्टेरिया, एवढ्यासाठी हे पुरलं असतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. "यात आधी काय होतं रे?"

मुलाला माहीत नव्हतं. विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर.

"कॉर्न स्नेक होता. मेला."

"कसा मेला?"

"खाल्लेलं ओकून टाकायचा, मॅडम. बारीक होत गेला. अन् मधात पोटाशी असा फुगल्यासारखा."

खाल्लेलं ओकणं, झिजत जाणं आणि जठराच्या जागी फुगवटा हे तिन्ही एकत्र आले की पहिला संशय क्रिप्टोस्पोरिडियमचा. मेलेल्या सापाची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे खात्री देता येत नव्हती. पण हा परजीवी सापाच्या जठरात घर करतो, त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि विष्ठेतून पडणाऱ्या त्याच्या सूक्ष्म बीजकोशांचं, म्हणजे ऊसिस्टचं, कवच असं चिवट की ब्लीच त्यांच्यापुढे पाणी. काकांच्या छातीत गेलेला क्लोरीन या ऊसिस्टच्या केसालाही धक्का लावणार नव्हता.

"मंग काय मारायचं?" काका पुन्हा तयार!

तीव्र अमोनियाला ऊसिस्ट दबतात, पण ब्लीच लागलेल्या टँकवर अमोनिया म्हणजे परत विषारी वायू. ते काकांच्या हातात द्यायची माझी छाती नव्हती. उरते उष्णता. स्टीलची वाटी खळखळत उकळता येते. काचेवर वाफ मारता येते, पण गार काच तडकते आणि सिलिकॉनच्या फटीत वाफ पुरेशी पोचली की नाही हे कळत नाही. नागपूरचं ऊन टँक कोरडाठाक करेल, त्यानं मदतही होईल. नुसत्या उन्हाच्या भरवशावर मात्र मी साप सोडू देणार नाही.

"फेकू का मंग? चार हजाराचा टँक हाय जी!"

"मनीप्लांट लावा, पुस्तकं ठेवा. साप नको, पाल नको. आणि पुढे विकूही नका."

पिल्लाची सोय झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात केली: खाली कागद, एक नवी पाण्याची वाटी, लपायला पुठ्ठ्याचं खोकं. पिल्लू टँकमध्ये एकदाही सोडलं नव्हतं. तरी विष्ठा तपासून घ्यायला सांगितलं, आणि तीही पुन्हा पुन्हा, कारण ऊसिस्ट दर वेळी पडतातच असं नाही.

मुलगा अजून फोनवरच होता. "भाऊ, टँकमधलं लाकूड कुठंय?"

लाकडाच्या ओंडक्याचा फोटो मला जाहिरातीत दिसला होता. सापांच्या लपण्याची तीच जागा. लाकूड सच्छिद्र, त्याचं निर्जंतुकीकरण म्हणजे मनाची समजूत. विकणाऱ्यानं तो वाडीच्या एका पोराला वेगळा विकला होता, सोबत फुकटात पाण्याचं भांडं.

नंबर मिळवायला संध्याकाळ झाली. पोरानं फोन उचलला, सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आजच काढू का बाहेर? साप आत बसून हाय."

"आत्ता काढ," मी म्हटलं. "हात साबणानं धू, आणि उद्या सकाळी सापाला घेऊन ये. ओंडका घराबाहेर ठेव, कोणाला देऊ नको."