मार्बरी बीजिंगमध्ये टिकला कसा?

अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टेफन मार्बरीचं नाव निघालं की दोनच गोष्टी सांगितल्या जातात. न्यूयॉर्कमध्ये त्याचं करिअर मातीत गेलं आणि बीजिंगमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. मधला भाग ‘चिनी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं’ एवढ्यावर उरकतात. डोक्यावर घेतलं हे खरंच. पण सीबीए या चीनच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी डझनांनी अमेरिकन खेळाडू येतात, सामन्यामागे 25-30 गुण करतात आणि सीझन संपला की विमानात बसतात. पुढच्या वर्षी त्याच शहरात त्यांचं नाव कुणाला आठवत नाही. मार्बरी टिकला याची कारणं लीगच्या नियमांत, करारांत आणि एका 2.11 मीटर उंच सेंटरमध्ये, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूमध्ये, शोधावी लागतात.

आधी एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या लीगचा, भाग थोडक्यात. ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंडचा हा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ चालवणारा खेळाडू, 1996 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) चौथा निवडला गेला. मिलवॉकीने घेतला आणि लगेच रे ॲलनच्या बदल्यात मिनेसोटाला दिला. तिथे केव्हिन गार्नेटबरोबर जोडी जमली, पण 1999 मध्येच फुटली. मग न्यू जर्सी, तिथून जेसन किडच्या बदल्यात फिनिक्स, आणि जानेवारी 2004 मध्ये घरच्या मैदानावर, न्यूयॉर्क निक्समध्ये. एकूण 846 सामने, सरासरी 19.3 गुण आणि 7.6 असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास), दोनदा ऑल-स्टार. निक्समध्ये लॅरी ब्राउन, आयझाया थॉमस आणि माइक डी’अँटोनी या तिन्ही प्रशिक्षकांशी बिनसलं. शेवटच्या सीझनला सुमारे 2 कोटी डॉलर पगार असून संघाबाहेर बसला. फेब्रुवारी 2009 मध्ये बायआउट झाला, म्हणजे क्लबने पैसे देऊन करार मोडला, बोस्टनसाठी 23 सामने खेळला, सरासरी 3.8 गुण. वय 32. एनबीएत याला पुन्हा कोण घेणार, असाच सूर होता.

इथे त्याच्या बुटांचा विषय येतो. 2006 मध्ये त्याने ‘स्टारबरी’ नावाचे बूट काढले, किंमत 14.98 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सातशे रुपयांच्या आत. शंभर-दीडशे डॉलरच्या बुटांच्या जमान्यात तो स्वतः तेच घालून एनबीएत खेळला. विक्री मात्र स्टीव्ह अँड बॅरीज या एकाच दुकानसाखळीतून. 2008 मध्ये त्या साखळीचं दिवाळं निघालं आणि चांगला चाललेला ब्रँड रस्त्यावर आला. चीनला जाण्यामागे हा ब्रँड तिथे पुन्हा उभा करायचा हिशेब होता आणि त्याने तो कधी लपवला नाही. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. पगारासाठी आलेल्या खेळाडूची नजर तीन-चार महिन्यांच्या करारावर असते. याला तिथे बाजारपेठ उभी करायची होती, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याचा हिशेब वर्षांचा होता.

आता कागदपत्रं, कारण परदेशी करिअर बहुतेक वेळा इथेच अडकतं. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमाप्रमाणे ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागतं. आधीच्या देशाचा महासंघ लिहून देतो की या खेळाडूवर कुठल्या क्लबचा चालू करार नाही. मागणी आल्यावर महासंघाने सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं. करार शिल्लक असेल तर पत्र अडतं आणि पत्र नाही तर मैदानात पाय ठेवता येत नाही, मग सही कितीही आकड्यावर झालेली असो. भारतीय खेळाडूंनाही हेच लागू आहे. 2017 मध्ये अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला, तोही याच चौकटीत. चीनमध्ये याशिवाय कामाचा झेड व्हिसा लागतो आणि पोचल्यावर 30 दिवसांच्या आत त्याचा निवास परवाना करून घ्यावा लागतो.

करारात डोळ्यांत तेल घालून काय बघायचं? पगार करानंतर हातात किती पडतो तो आकडा. घर आणि विमानतिकिटं कोणाच्या खर्चाने. वैद्यकीय तपासणी पोचल्यावर किती तासांत, आणि त्या तपासणीआधी क्लब काही देणं लागतो की नाही. दुखापत झाली तर पैसे चालू राहणार की थांबणार. एजंटचे 10 टक्के क्लब देणार की खेळाडूच्या पगारातून कापले जाणार. सगळ्यात मोलाचं कलम मात्र वादाचं. जिनिव्हातल्या बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनलकडे, म्हणजे बीएटीकडे, वाद जाईल असं करारात लिहिलेलं हवं. ही व्यवस्था 2007 पासून आहे. बीएटीचा निकाल क्लबने पाळला नाही तर फिबा त्या क्लबवर परदेशी खेळाडूंची नोंदणी करायला बंदी घालू शकते आणि त्या भीतीने थकलेले पैसे निघतात. हे कलम नसेल तर परक्या देशात, परक्या भाषेत, स्थानिक कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. तोवर सीझन संपलेला असतो आणि क्लबने दुसरा माणूस आणलेला असतो.

जानेवारी 2010 मध्ये मार्बरी शानशी प्रांतातल्या तैयुआनला पोचला. कोळशाचं शहर, कडाक्याची थंडी, तळाकडचा संघ. 15 सामन्यांत सरासरी 22.9 गुण आणि 9.5 असिस्ट केले, ऑल-स्टार सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही झाला. तरी पुढच्या सीझनला क्लबने त्याला ठेवलं नाही आणि तो दक्षिणेला फोशानला गेला. तिथेही संघ खालीच राहिला. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत आकडे भरपूर होते, यश काही नव्हतं. इथेच थांबला असता तर तोही विसरलेल्या डझनांपैकीच एक ठरला असता.

2011 मध्ये बीजिंग डक्सने त्याला घेतलं आणि गणित बदललं. ते समजायला सीबीएचा तेव्हाचा एक नियम माहीत हवा. संघात दोन परदेशी खेळाडू चालत. सामना एनबीएसारखाच, 12 मिनिटांचे चार क्वार्टर. पण दोघा परदेशींना मिळून सहाच क्वार्टर खेळता येत. दोघांनी चारही क्वार्टर खेळायचे तर आठ होतात, म्हणजे दोन कमी करायचे. कोण, कधी बाहेर बसणार यावर प्रशिक्षकाची निम्मी डोकेदुखी. बहुतेक क्लब दोन मोठे स्कोअरर आणत. मग ज्या क्वार्टरमध्ये एक बसे, तिथे स्थानिक खेळाडू चेंडू कुणाला द्यायचा याच विचारात घुटमळत आणि कमावलेली आघाडी पाच-सहा मिनिटांत साफ होई.

बीजिंगचे प्रशिक्षक मिन लुलेई यांनी जुळणी वेगळी केली. मार्बरीबरोबर दुसरा परदेशी रँडॉल्फ मॉरिस, सेंटर. दोघं निक्समध्ये एकत्र होते, त्यामुळे ओळख जुनी. मॉरिसचं काम स्क्रीन लावणं (बचावपटूच्या वाटेत अंग घालून उभं राहणं), रिबाउंड घेणं (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवणं) आणि बास्केटखाली चेंडू आला की संपवणं. म्हणजे दोघांची भूक एकाच चेंडूवर नव्हती. त्याच वर्षी तैवानचा चपळ पॉइंट गार्ड ली श्वेलिन आला, आणि तैवानचे खेळाडू परदेशींच्या कोट्यात धरले जात नाहीत. मार्बरी बसला की चेंडू लीच्या हातात, आणि दोघं एकत्र असले की समोरच्या वेगवान गार्डमागे पळायचं काम लीचं. 34 वर्षांच्या मार्बरीचे पाय चौथ्या क्वार्टरपर्यंत ताजे राहिले ते या सोयीमुळे.

हल्ल्याचं यंत्र साधं होतं. मॉरिस थ्री-पॉइंट रेषेच्या (जिच्याबाहेरून केलेल्या बास्केटचे तीन गुण मिळतात) माथ्यावर येऊन मार्बरीच्या बचावपटूला स्क्रीन लावायचा. बचावपटू स्क्रीनच्या मागून, बास्केटच्या बाजूने निसटला तर मार्बरी तिथेच थांबून थ्री मारे. वरून चिकटून आला तर मार्बरी खांद्याने त्याला पाठीवर धरून ठेवायचा, म्हणजे तो मागेच अडकून राहतो आणि पुढे दोघांसमोर एकच बचावपटू उरतो. समोरचा सेंटर मागे हटला तर फ्री-थ्रो रेषेच्या आसपास उचलून टाकलेला फ्लोटर. सेंटर पुढे आला तर त्याच्या कमरेजवळून जमिनीवर टप्पा देऊन मॉरिसला पास. मदतीला तिसरा धावला तर कोपऱ्यात मोकळा उभा असलेला चिनी शूटर. यात पळण्याच्या वेगाला फार किंमत नाही. थांबण्याला आहे. तरुण परदेशी गार्ड स्क्रीन ओलांडली की तडक बास्केटकडे सुटतात आणि नेमका इथेच घोळ होतो: स्क्रीन लावणारा सेंटर वळून पोचायच्या आत पासचा कोन बंद होतो, आणि तीन जणांच्या गर्दीत कठीण शॉट घ्यावा लागतो. मार्बरी त्या जागी अर्धा क्षण रेंगाळायचा.

थ्री-पॉइंट रेषेचाही हातभार होता. एनबीएत ती माथ्यावर 7.24 मीटरवर असते. फिबाची 2010 पर्यंत 6.25 मीटरवर होती, त्यानंतर 6.75 झाली. एनबीएत त्याची थ्री कधी खास म्हणावी अशी नव्हती, पण जवळच्या रेषेवरून तो काय करू शकतो हे 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दिसलं होतं: स्पेनविरुद्ध 31 गुण, त्यात सहा थ्री.

2011-12 च्या सीझनमध्ये 17 संघ आणि प्रत्येकाचे 32 सामने होते. बीजिंगने पहिले 13 सलग जिंकले. योगायोग असा की त्याच वर्षी एनबीएत लॉकआउट होता, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती, आणि नामांकित खेळाडू चीनकडे वळले. सीबीएने अट घातली की लॉकआउट उठला तरी मध्येच सोडून जायची मुभा करारात नसेल. जे. आर. स्मिथ, केनयन मार्टिन, विल्सन चँडलर आणि ॲरन ब्रुक्स यांनी तरीही सह्या केल्या. डिसेंबरमध्ये एनबीए सुरू झाली आणि ही मंडळी अडकली. स्मिथने झेजियांगसाठी सामन्यामागे 34 च्या वर गुण केले, संघ प्लेऑफलाही पोचला नाही, आणि फेब्रुवारीत तो निक्सकडे गेला. ज्या खेळाडूचं मन परतीच्या तारखेवर असतं त्याचे गुण वाढतात, संघ वाढत नाही. हे त्या सीझनइतकं उघड पुन्हा क्वचितच दिसलं असेल.

अंतिम फेरीत समोर ग्वांगडोंग, मागच्या आठपैकी सात विजेतेपदं जिंकलेला संघ, आणि त्यांच्याकडे हाच ॲरन ब्रुक्स. घरचे अंतिम सामने बीजिंगने 2008 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या वुकेसोंगच्या मोठ्या स्टेडियममध्ये खेळवले. 30 मार्च 2012 ला पाचव्या सामन्यात मार्बरीने 41 गुण केले आणि बीजिंगने 124-121 असा विजय मिळवून मालिका 4-1 अशी घेतली. क्लबचं हे पहिलं सीबीए विजेतेपद. पुतळा त्याच वर्षी उभा राहिला. 2014 मध्ये शिनजियांगला आणि 2015 मध्ये लिआओनिंगला, दोन्ही वेळा 4-2 असं हरवून आणखी दोन विजेतेपदं आली. 2015 च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू मार्बरी होता, वय 38.

मानसन्मानांची यादी लांब आहे: बीजिंगचं मानद नागरिकत्व, त्याच्या आयुष्यावरचं संगीत नाटक, ‘चायना डेली’तला स्तंभ, 2016 मध्ये कायमस्वरूपी निवासाचं कार्ड. हे कार्ड परदेशी माणसाला तिथे सहजासहजी मिळत नाही. भुयारी रेल्वेने फिरणारा स्टार म्हणून त्याचे फोटोही खूप गाजले. मला फोटोंपेक्षा मॉरिस आणि मिन लुलेई यांच्यासोबतची सलग वर्षं जास्त बोलकी वाटतात. सीबीएत परदेशी जोडी दोन सीझन टिकली तरी ती बातमी असते. सीझन छोटा असणं हाही फायदा होता. एनबीएचे 82 सामने त्या वयात गुडघ्यांना झेपले नसते. इथे 32, पुढे 38, आणि मध्ये उन्हाळाभर विश्रांती.

शेवट मात्र पुतळ्याला शोभेलसा झाला नाही. 2017 मध्ये बीजिंग डक्सला त्याला खेळाडू म्हणून पुढे ठेवायचं नव्हतं, साहाय्यक प्रशिक्षकपद देऊ केलं होतं. क्लबचा विचार चुकीचा होता असं म्हणता येत नाही. 40 वर्षांच्या गार्डवर मोजक्या क्वार्टरपैकी तीन खर्च करायचे म्हणजे तरुण परदेशी स्कोअररची जागा अडवणं. मार्बरीला खेळायचं होतं, म्हणून तो त्याच शहरातल्या दुसऱ्या, खालच्या संघात, फ्लाय ड्रॅगन्सकडे गेला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 41 व्या वाढदिवसाच्या थोडं आधी शेवटचा सामना खेळून थांबला. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, याच क्लबने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. आता परदेशी खेळाडूंचे क्वार्टर मोजत बाकावर बसायची पाळी त्याची होती.