काडीवर चढलेलं ऑईल

इंजिनातलं ऑईल कमी होतं, एवढं मला माहीत होतं. ते वाढतंसुद्धा, हे गेल्या पावसाळ्यात कळलं.

आमचं गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत, पोफळींचं कुळागर आहे आणि खाली ओहोळाच्या काठाने थोडं भातशेत. बैल गेल्यावर पोफळींच्या रांगांमधून फिरेल असा १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर सेकंडहँड घेतला. विकणाऱ्याने चावी दिली, कागद दिले. मॅन्युअल मागितलं तर म्हणाला, "त्याची काही गरज नाही हो."

पहिल्यांदा ऑईल बदलायची वेळ आली तेव्हा गरज कळली. बाजारात जाऊन मी "फोर्टी ऑईल द्या" म्हटलं आणि दुकानदाराने २०डब्ल्यू-४० चा डबा पुढे केला. घरी आणून चष्मा लावून मागची बाजू वाचली, तर 'एपीआय एसएल' (एपीआय ही ऑईलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) आणि खाली 'जासो एमए'. म्हणजे मोटारसायकलचं ऑईल, ज्या गाडीचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो तिचं. दुकानदाराला दोष काय देणार? मी ट्रॅक्टर हा शब्द उच्चारलाच नव्हता. डबा न उघडता परत केला.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे काका २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत खनिजाचा ट्रक चालवायचे. त्यांचं म्हणणं, "सीके-४ घाल, सगळ्यात वरचं. पैशाकडे बघू नको." बाबांचं उलट. ते म्हणाले, "पाण्याच्या पंपाला इतकी वर्षं साधं चाळीस नंबर घालतोय, त्याला काय झालं?"

शेवटी एक दिवस मोडून फोंड्याला ट्रॅक्टरच्या कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. सर्व्हिस काउंटरवरच्या मुलाने मॅन्युअलची चार पानं झेरॉक्स करून दिली. या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी पडले ते त्या झेरॉक्सचे पैसे. त्यात सरळ लिहिलं होतं: १५डब्ल्यू-४०, एपीआय सीएफ-४ किंवा त्याच्या पुढचं, फिल्टरसकट साडेतीन लिटर, बदल दर २५० तासांनी.

आकड्यांचा उलगडा त्यानंतर झाला. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंड इंजिन सुरू करताना ऑईल किती सहज हलतं, ते त्याच्या आधीचा आकडा सांगतो. पुढचे ४० म्हणजे शंभर अंशांना तापल्यावर उरणारा दाटपणा. तेव्हा बाबांचं चाळीस नंबर आणि माझं १५डब्ल्यू-४० तापल्यावर साधारण सारखंच. फरक सकाळच्या पहिल्या स्टार्टला, कारण पातळ राहिलेलं ऑईल वरपर्यंत लवकर पोचतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे २०डब्ल्यू काय नि १५डब्ल्यू काय, त्यावरून मी भांडलो नसतो. भांडायचं ते मागच्या अक्षरांवरून. एसने सुरू होणारं पेट्रोल इंजिनासाठी, सीने सुरू होणारं डिझेलसाठी. डिझेल जळताना काजळी फार होते आणि ती तळाशी बसू न देता आपल्यात धरून ठेवायची ताकद या सीवाल्या ऑईलमध्ये असते. सीएफ-४ हा १९९० चा दर्जा, सीआय-४ हा २००२ चा, सीके-४ हा २०१६ चा. काकांचं सीके-४ चाललं असतंच. पण त्यातली राख कमी ठेवलीय ती धुराच्या नळीत काजळीचा फिल्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी. माझ्या ट्रॅक्टरला नुसती नळी आहे. मी १५डब्ल्यू-४० सीआय-४ घेतलं आणि मे महिन्यात बदललं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. जूनमध्ये चिखलणी सुरू झाली. एका सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची काडी, पुसून बघितली तर ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! आधी वाटलं, आपणच जास्त ओतलं. पण मे महिन्यात दोन्ही खुणांच्या मधे होतं, ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. काळं झालं होतं, त्याची भीती नव्हती. डिझेल इंजिनात नवं ऑईलही काही तासांत काळं होतं. दुधाळ असतं तर पाणी शिरलं म्हटलं असतं. चिमटीत घेऊन चोळलं, तर चिकटपणा कुठे गेला कोण जाणे. वास घेतला. डिझेल!

इंजिन सुरू न करता मेकॅनिकला बोलावलं. टाकीतलं डिझेल पुढे ढकलणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटला होता आणि डिझेल गुपचूप खाली ऑईलमध्ये उतरत होतं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही डब्याची अक्षरं वाचत बसलात आणि आत डिझेलची कढी झाली." तसंच चालवलं असतं तर बेअरिंग गेली असती. डायफ्राम स्वस्तात झाला. महिन्याभरापूर्वीचं साडेतीन लिटर ऑईल आणि नवा फिल्टर मात्र फुकट गेले, आणि लावणी दोन दिवस पुढे गेली.

तेव्हापासून रोज सकाळी इंजिन गार असताना, ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून काडी बघतो. २५० तासांची वाटही मी बघत नाही. माझा आवर मीटर वर्षाला जेमतेम शंभरने सरकतो आणि पावसात अर्धा-पाऊण तास चालवून बंद करायचं, म्हणजे आतला ओलावा उडतच नाही. म्हणून भात कापून झालं की वर्षातून एकदा बदल. इंजिन थोडं कोमट करून ड्रेन प्लग काढतो, वायसर नवा घालतो, फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल लावून हातानेच आवळतो.

काढलेलं ऑईल काका गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी मागतात. गोठ्याच्या खाली विहीर आहे, म्हणून ते मी गॅरेजवाल्याच्या पिंपात नेऊन ओततो. रिकाम्या डब्याला कोयत्याने तळाशी भोक पाडतो, नाहीतर त्यात कोणीतरी भलतंच भरून विकायचं. यावर बाबा अजून नाराज आहेत. डबा चांगला होता, झाकणही घट्ट बसत होतं.