राजा छाप रुपये: सहा महिन्यांचा हिशोब आणि एक फसगत

मंडळी, बरेच दिवस अपडेट राहिलं होतं. सध्या फक्त पंचम जॉर्जचे रुपये घेतोय, १९११ ते १९२२, चांदी ९१.७ टक्के, वजन ११.६६ ग्रॅम. अट एकच, टोनिंग, म्हणजे काळाच्या ओघात चांदीवर चढणारा रंग, आपोआप आलेलं हवं आणि कुणी घासलेला नको. हीच अट जड जातेय कारण आपल्याकडे जुना रुपया म्हणजे लक्ष्मीपूजनाचा रुपया, दरवर्षी चिंच नाहीतर राख लावून लख्ख करणार, मग हळदकुंकू, पुढच्या वर्षी परत तेच. आजीच्या डब्यात नऊ निघाले, त्यातले आठ असेच. भिंगाखाली मोकळ्या जागेत बारीक रेघाच रेघा आणि अक्षरांच्या बेचक्यात मात्र जुना काळपटपणा तसाच, कारण तिथे बोट पोचत नाही.

नववा बघून मात्र उडालोच! १९१८, खाली कमळाशी ठिपका म्हणजे मुंबई टांकसाळ, तळाशी कागदात गुंडाळलेला. मधे राखाडी, मग सोनेरी, मग जांभळट आणि पार कडेला निळा. सल्फाइडचा थर जाड होत जातो तसे रंग याच क्रमाने येतात, आणि बल्बखाली फिरवला की त्या रंगातून चकाकी गोल फिरते.

हे आधी कळलं असतं तर १९१९ चा तो 'रेनबो', म्हणजे इंद्रधनुषी टोनिंगचा म्हणून विकलेला रुपया, घेतलाच नसता. फोटोत काय दिसत होता राव! हातात आल्यावर बघतो तर सोनेरीवरून थेट निळा, मधला जांभळा गायब, राजाच्या गालावर आणि खोलगट भागात रंग सारखाच, शिवाय घासल्याच्या रेघांवरही रंग चढलेला, म्हणजे आधी घासला आणि मग रंग चढवला. रेघांवर रंग एवढी एकच खूण असती तर पन्नास वर्षांत आपोआप चढला असं म्हणता आलं असतं, पण चकाकी पण मेलेली. पैसे गेले.

बाकी, मऊ प्लॅस्टिकचे पाउच सगळे फेकले, त्यातल्या एका रुपयावर हिरवट चिकट थर यायला लागला होता. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढला, टोनिंगला धक्का नाही. नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, त्यात भलतंसलतं असतं.

आता शोध १९११ चा, डुक्कर रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ ला तो बदलला. न घासलेला मिळता मिळत नाहीये.

आजी म्हणतेय नववा फारच काळा पडलाय, आण, चिंच लावून देते. रुपया सध्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे.